सहाच्या वर नाही

नांदुऱ्याच्या आमच्या तेल मिलमध्ये दयाराम वानखडेला कोणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्याला ‘सहा किलो’ म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं, ते आधीच सांगून टाकतो. पुढं जे सांगायचं आहे त्यात माझं कौतुक करण्याजोगं फारसं काही नाही.

मी चिंतामण, मिलचा कारकून. आमची मिल सरकीच्या तेलाची. सरकी शिजवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला सरकार लागतं. हे सरकारचं खातं माझ्याकडे. बॉयलर म्हणजे चुलीवरचा हंडा नव्हे. त्याची सरकारदरबारी नोंद असते, त्याला नंबर मिळतो आणि तो नंबर त्याच्या पोलादावर ठोकून ठेवलेला असतो. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर येऊन तपासतो, तेव्हा पुढच्या वर्षाचं सर्टिफिकेट मिळतं. किती दाबापर्यंत चालवायचा ते त्यावर लिहिलेलं असतं. खात्याच्या परवानगीवाचून त्याला वेल्डिंगचा एक टाका घालता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी तो टाका मान्यताप्राप्त माणसानंच घालायचा. चालवणाराही परीक्षा पास झालेला लागतो. दयाराम पास झालेला होता. त्याचं सर्टिफिकेट बॉयलर हाऊसच्या भिंतीवर फ्रेममध्ये टांगलेलं असे आणि रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी तो त्याची काच गमछानं पुसत असे.

बॉयलरला परवानगी दहा किलो दाबाची. दयाराम दाबाचा काटा सहाच्या वर जाऊ देत नसे. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, अकरा वर्षं. वाफ कमी म्हणून सरकी शिजायला वेळ लागे, घाणीवाले खोळंबत, आणि आमचे धवलशेठ बॉयलर हाऊसच्या दारात उभे राहून ओरडत, “दयाराम, बॉयलर चालवून राह्यला का चहाची टपरी?”

“म्हातारा झाला शेठ तो,” दयाराम म्हणे. “सहाच्या वर नाही झेपत त्याले.”

शेठ पाय आपटत निघून जात. ते आणखी जोर का करत नसत, याचं कारण आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, बॉयलरच्या पोटाखाली, मागच्या बाजूला, गाळ काढायच्या नळाशेजारी पाणी पाझरू लागलं. नियमाप्रमाणे बॉयलर बंद करायचा, खात्याला कळवायचं, परवानगी घ्यायची आणि मान्यता असलेल्या कंपनीकडून पत्रा कापून नवा बसवायचा. म्हणजे दीड-दोन महिने मिल बंद. बाहेर सरकीच्या गाड्यांची रांग लागलेली. शेठ म्हणाले, “या हंगामापुरतं काही तरी करा.” दयारामनं दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा गप्प बसला. रविवारी दुपारी ट्रॉल्या बनवणारा एक वेल्डर आला. त्यानं बाहेरून भाकरीएवढा एक तुकडा जोडला, वर उष्णता राखणारी काचेची लोकर आणि पत्रा पहिल्यासारखा बसवला, चहा प्याला आणि गेला. गेटच्या रजिस्टरात मी लिहिलं, ‘वेल्डर. फाटकाचं काम.’

दयाराम म्हणाला, “बाबू, हंगाम सरला का इन्स्पेक्टरले सांगून टाकू.”

“टाकू की,” मी म्हणालो.

हंगाम सरला. तपासणीचा अर्ज भरायला मी बसलो. त्यात एक रकाना असतो, मागील तपासणीनंतर केलेल्या दुरुस्त्या. मी दयारामला बोलावून विचारलं, “काय लिहू?” तो दाराची चौकट धरून उभा राहिला. मग म्हणाला, “तुमीच पाहा, बाबू.” मी पाहिलं. घरी दोन पोरं शिकत होती, शेठ समोरच्या खोलीत होते. मी ‘निरंक’ लिहिलं आणि मालकाकरिता म्हणून खाली सही ठोकली. कारकुनाला हा शब्द फार सोयीचा असतो. तो लिहिताना हात कापत नाही.

तपासणीला बॉयलरमध्ये थंड पाणी भरून पंपानं दाब चढवतात, रोजच्या दाबापेक्षा चांगला जास्त. दयाराम पंपाशी उभा होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. तुकडा टिकला. त्या दिवशी तो फुटला असता तर पाणीच वाहिलं असतं. आम्ही शिव्या खाल्ल्या असत्या, दंड भरला असता आणि सुटलो असतो. पण तो टिकला आणि आम्ही अडकलो.

कारण पुढच्या वर्षी खरं सांगायचं तर गेल्या वर्षीचं निरंकही खोटं ठरत होतं. त्याच्या पुढच्या वर्षी दोन खोटी झाली. मी दरवर्षी जुना अर्ज समोर ठेवून नवा उतरवत गेलो. दयारामनं मात्र दुसरी वाट काढली. तोंड उघडता येत नाही, तर काटा तरी वर जाऊ द्यायचा नाही. पाणी भरून घेतलेल्या परीक्षेवर त्याचा विश्वास नव्हता. “ते एक दिवसाचं असते,” तो म्हणे. “इथं रोज तापते, रोज थंडं होते. पत्रा थकते, बाबू.”

मग तो त्या बॉयलरपासून हललाच नाही. हंगामात त्यानं कधी सुट्टी घेतली नाही. मेव्हण्याच्या लग्नाला गेला नाही. घरचा डबा तिथंच खाई, काट्याकडे तोंड करून. मागच्या बाजूला, जिथं तो तुकडा होता, तिथं त्यानं जुन्या भट्टीच्या विटा आणि रिकामी पिंपं रचून ठेवली होती. ती बाजू सावलीची, थंड. उन्हाळ्यात हमालांना तिथं अंग टाकावंसं वाटे. दयाराम काठी घेऊन धावे. एवढा गरीब माणूस, पण त्या जागेसाठी चक्क आईबहिणीवर उतरे. लोक हसत. मीही हसत असे. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत असे.

त्याची आई जानेफळला होती. पाच वर्षांपूर्वी, माघ महिन्यात, सकाळी नऊला फोन आला की ती शेवटच्या घटका मोजते आहे. मी म्हटलं, “नीघ, मी शेठला सांगतो.” त्यानं भट्टीतला विस्तव ओढला आणि काट्यासमोर बसून राहिला. दाब उतरायला चार-पाच तास लागतात. मी चिडलो. म्हटलं, “अरे, भट्टी सांभाळायला तुझा फायरमन आहे ना!”

“थो पेटवन परत,” दयाराम म्हणाला. “शेठनं म्हटलं का दहावर नेईन. त्याले काय मालूम?”

“मग सांग त्याला.”

मी म्हटलं खरं, पण तो काय सांगणार होता? काटा शून्यावर आला तेव्हा दोन वाजून गेले होते. त्यानं बॉयलर हाऊसला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि बस धरली. जानेफळला पोचला तेव्हा आईला नेऊन झालं होतं.  परत आल्यावर पहिल्या दिवशी त्यानं सर्टिफिकेटची काच पुसली नाही. ते मला दिसलं आणि मी खाली मान घालून चलनं भरत बसलो.

त्याच्या बायकोचं नाव सिंधूताई. तोंडानं फटकळ बाई, पण मनानं लख्ख. त्यांच्या वस्तीतल्या विहारात दर आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तेव्हा वयानं, मानानं मोठा असलेला माणूस पुढं बसून पंचशील म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. लोक दरवर्षी दयारामला पुढं बसायला सांगत. तो दरवर्षी घसा धरला म्हणून मागं सरकत असे. मी त्यांच्याकडे पौर्णिमेची खीर खायला जात असे, तेव्हा एकदा सिंधूताई भांडी आवरता आवरता म्हणाल्या, “काही घसा नाही धरत, भाऊ. मी बाजूले बसतो ना. तीन शीलं खडखडीत म्हंते हा माणूस. चौथ्याले तोंड बंद. मंग पाचवं म्हंते.”

चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी खीर संपवली, वाटी ठेवली आणि काम आहे म्हणून उठलो. त्यानंतर दोन वर्षं मी खीर खायला गेलो नाही.

यंदा एप्रिलअखेर दयाराम साठ वर्षांचा होऊन निवृत्त होणार होता. शेठनी नवी रिफायनरी टाकायला घेतली होती आणि तिला भरपूर दाबाची वाफ हवी होती. त्यांनी खामगावच्या एका मिलमधून अर्जुनरावांना आणलं. अर्जुनराव पन्नाशीचे, सर्टिफिकेटवाले, हसतमुख, कामाला वाघ. म्हणजे आमच्या दृष्टीनं याहून वाईट माणूस मिळणं कठीण होतं. मी शेठना एकदा चाचरत विचारलं, “शेठ, ते खालचं काम...” शेठ म्हणाले, “अकरा साल झाले ना? आता ते पक्कंच समजा.” खरं सांगायचं तर मलाही तसंच समजायचं होतं.

बॉयलरवाल्यांची एक रीत असते. जुना माणूस चार्ज देताना नव्याला घेऊन बॉयलरभोवती एक फेरी मारतो आणि त्याची खोड सांगतो. प्रत्येक बॉयलरला काही तरी खोड असतेच. कुणाची पाण्याची काच खोटं दाखवते, कुणाचा पंप पहिल्यांदा हवा धरतो. ही कागदावर कुठं नसते, तोंडीच द्यायची. त्यावर नव्याचा जीव असतो, म्हणून तिथं थट्टा करत नाहीत. मी भरलेला अर्ज दयारामला दाखवायला तिथं गेलो होतो, तेव्हा त्यांची फेरी चालू होती. दुसऱ्याच दिवशी वार्षिक तपासणी, म्हणून बॉयलर थंड होता. दयाराम एकेक दाखवत होता. डावा पंप असा, धुराड्याची झडप तशी. फेरी संपली.

“बाकी खोड?” अर्जुनरावांनी विचारलं.

“सहाच्या वर नेऊ नका.”

“काऊन? सर्टिफिकेटवर दहा लिहेल आहे.”

“नेऊ नका, बस.”

“अशी कशी खोड, दयारामभाऊ? कारण सांगा ना.”

दयारामनं माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या अर्जाकडे पाहिलं. त्यात बारावं निरंक लिहून झालेलं होतं. “काही नाही,” दयाराम म्हणाला. “म्हातारा आहे म्हणून म्हणलं.”

अर्जुनराव हसले. त्यांना वाटलं, म्हातारा कोण ते कळतंच आहे. मग बाही सरसावून ते मागच्या बाजूला गेले आणि एकेक वीट उचलून बाहेर टाकू लागले. पिंपं लोटून दिली. तास-दीड तासात जागा झाडून लख्ख झाली. त्यांनी स्वतःची बाज आणली आणि नेमकी तिथं टाकली, बॉयलरच्या पोटाला लागून. “इतकी थंडी जागा अन् भंगार भरून ठेवलं होतं,” ते म्हणाले. “घरची डबा घेऊन येते, तिलेही बसाले बरं. नातीले घेऊन येते थे.” आणि आडवे झाले. डोकं त्या तुकड्यापासून हातभर.

दयाराम उभा होता. त्यानं बाहेर टाकलेली एक वीट उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. माणूस असा कोंडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आता हा बोलणार. मग मला भीती वाटली की हा खरंच बोलेल. मी अर्ज त्याच्या हातात न देताच परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी दहाला इन्स्पेक्टर आल्या. यंदा नव्या होत्या, बाई होत्या, तिशीच्या. शेठ हार घेऊन उभे होते. बाईंनी हार टेबलावर ठेवायला सांगितला आणि सरळ बॉयलर हाऊसकडे चालू लागल्या. आम्ही मागोमाग. दारातच आम्ही थबकलो. मागच्या बाजूचा पत्रा उचकटून भिंतीला टेकवलेला होता. काचेची लोकर जमिनीवर विखुरली होती. दयारामच्या दोन्ही हातांवर तिच्या कुसळांनी लाल पुरळ उठलं होतं. बाज त्यानं उचलून बाहेर उभी केली होती. आणि बॉयलरच्या उघड्या पोटावर खडूनं एक मोठं वर्तुळ काढलं होतं.

“मॅडम, हे पाहा,” तो म्हणाला. “अकरा साल झाले. परवानगी नाही, काही नाही. गावच्या वेल्डरनं जोडलं. मी उभा होतो. अंदरून पत्रा किती राह्यला, मले मालूम नाही.”

शेठचा चेहरा उतरला. “मॅडम, याची तब्येत बरी नाही,” ते म्हणाले.

 बाईंनी बॅगेतून पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र काढलं, गुडघ्यावर बसल्या आणि तुकड्याच्या कडेकडेनं ते टेकवत गेल्या. एक जागा त्यांनी तीनदा मोजली. मग उठल्या. “दहा किलोवर नेला असता, तर इथं उभं राहण्यासारखं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “सहावरसुद्धा कसा चालला, मला सांगता येत नाही.” अर्जुनराव बाहेर उभ्या केलेल्या बाजेकडे पाहत होते. 

“अर्जात दरवर्षी निरंक आहे,” बाई फाईल चाळत म्हणाल्या. “हे कोणाकोणाला माहीत होतं?”

“माहं मी सांगतलं, मॅडम,” दयाराम म्हणाला. “बाकीच्याचं बाकीचे सांगतीन.”

बाईंनी फाईल माझ्यासमोर धरली. “ही सही तुमची?”

तिथं सगळे होते. दयारामनं माझ्याकडे पाहिलं नाही, मला मोकळीक द्यावी म्हणून तो मुद्दाम खाली पाहत होता. ‘माहीत होतं’ एवढंच म्हणणं पुरेसं होतं. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती.

“सही माझी आहे,” मी म्हणालो. “पण मला जसं सांगितलं तसं मी लिहिलं. मला काही कल्पना नव्हती.”

 दयाराम खाली वाकला आणि जमिनीवरची लोकर गोळा करू लागला.

बॉयलरचं सर्टिफिकेट तिथल्या तिथं रद्द झालं. बाईंनी दयारामचंही भिंतीवरून काढून घेतलं, चौकशीसाठी. रिकामी फ्रेम त्याच्या हातात देत त्या म्हणाल्या, “तुम्ही आपणहून सांगितलंत, हे मी लिहीन. पण जे केलं तेही मला लिहावंच लागेल.”

“लिहा,” दयाराम म्हणाला. “सगळं लिहा.”

अडीच महिने मिल बंद होती. रीतसर परवानगी आली, मान्यतेची कंपनी आली, पत्रा कापला, नवा बसवला, जोडाचे एक्स-रे काढले, पाण्याची परीक्षा झाली. दयारामला निरोपाचा नारळ मिळाला नाही. हमालांतले काही जण रस्त्यात त्याच्याशी बोलेनासे झाले, कारण त्यांचं काम बुडालं होतं. आता बॉयलर दहावर चालतो आणि अर्जुनरावांची नात सुट्टीच्या दिवशी मागच्या बाजूला बाजेवर खेळत असते. माझी नोकरी शाबूत आहे. शेठ माझ्यावर खूष आहेत.

आषाढात दयाराम स्वतः माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं, आता हा जाब विचारणार. मी उठून उभा राहिलो. तो म्हणाला, “बाबू, पौर्णिमेले या. यंदा मी पुढं बसून राह्यलो. दोन वर्षं झाले, खीर खाल्ली नाही तुमी आमच्या घरी.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला न जाण्याचं कारण मिळालं असतं.

मी गेलो. विहार भरलेला होता. पांढऱ्या सदऱ्यात दयाराम पुढं बसला होता, ताठ, हातांवर खाजवलेल्या पुरळाचे डाग अजून होते. सिंधूताईंनी मला त्यांच्या ओळीत जागा करून दिली. तो म्हणे आणि मागून सगळे म्हणत. मला इतक्या वर्षांत ऐकून ऐकून शब्द पाठ झाले होते, मीही म्हणू लागलो. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं त्यानं एवढ्या मोठ्यानं म्हटलं की दाराशी बसलेल्या लोकांनी माना वळवल्या. मागून सगळा विहार एका आवाजात बोलला.

माझं तोंड उघडलं नाही. पाचवं सुरू झालं तेव्हा मी पुन्हा त्यांच्यात मिसळलो. सिंधूताई बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग समोर पाहिलं.